दिनविशेष आणि स्थानिक इतिहास : बारामती-इंदापूर परिसरातील काही स्मरणतिथींचा विचार

प्रस्तावना

शाळेच्या दर्शनी भागातील फळ्यावर रोज सकाळी ‘दिनविशेष’ लिहिण्याची प्रथा महाराष्ट्रात सर्वत्र रूढ आहे. सुविचार, तारीख, तिथी आणि त्याखाली त्या दिवशी घडलेल्या घटना अशी ही नोंद असते. तीत २५ जून १९८३ रोजी लॉर्ड्सच्या मैदानावर भारताने जिंकलेला क्रिकेटचा विश्वचषक येतो, ६ ऑगस्ट १९४५ रोजी हिरोशिमावर पडलेला अणुबॉम्ब येतो. दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी गिरगावातील कॉरोनेशन चित्रगृहात लोकांसमोर आला. परंतु तेव्हा शाळांना उन्हाळी सुटी असल्याने ही नोंद वर्तमानपत्रातील सदरावरच सोडावी लागते. युद्ध, क्रीडा आणि लोकरंजन या तीन क्षेत्रांतील घटना दिनविशेषात सर्वाधिक आढळतात, कारण त्यांना नेमकी तारीख असते. लढाई एका दिवशी होते, सामना एका दिवशी जिंकला जातो, चित्रपट एका दिवशी प्रदर्शित होतो. शेतसाऱ्याचा दर वाढणे किंवा नदीवर धरण होऊन गावे उठणे यांना अशी एक तारीख देता येत नाही, म्हणून त्या गोष्टी फळ्यावर येत नाहीत.

पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागातील बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांच्या दृष्टीने या प्रथेकडे पाहिले असता एक विसंगती लक्षात येते. या परिसरात घडलेल्या, निश्चित तारीख असलेल्या आणि अखिल भारतीय महत्त्वाच्या किमान दोन घटना आहेत. त्या दिनविशेषात क्वचितच दिसतात. उलट ज्या घटनेची तारीखच काय, सनही वादग्रस्त आहे, तिचे स्मरण मात्र येथील लोकमानसात पक्के आहे. प्रस्तुत लेखात या विसंगतीची काही कारणे शोधण्याचा प्रयत्न केला आहे. परिसराचा समग्र इतिहास सांगणे हा येथे हेतू नाही.

तिथी, तारीख आणि सन

इंदापूर हे नाव मराठ्यांच्या इतिहासात प्रथम ठळकपणे येते ते मालोजीराजे भोसले यांच्या मृत्यूच्या संदर्भात. शिवछत्रपतींचे हे आजोबा निजामशाहीच्या सेवेत असताना इंदापूरच्या लढाईत पडले, असे कवींद्र परमानंदाच्या ‘शिवभारता’त सांगितले आहे. इंदापुरातील गढी आजही मालोजीराजांच्या नावाने ओळखली जाते. मात्र ही लढाई केव्हा झाली, याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. सतराव्या शतकाच्या पहिल्या दशकापासून इ. स. १६२२ पर्यंतचे वेगवेगळे सन वेगवेगळ्या ग्रंथांत दिलेले आढळतात. सोळा-सतरा वर्षांचा हा फरक किरकोळ नव्हे. मालोजीराजे १६२२ पर्यंत हयात होते असे मानले, तर शहाजीराजांच्या प्रारंभीच्या कारकिर्दीवर पित्याचे छत्र होते असे म्हणावे लागते. ते पहिल्या दशकातच गेले असे मानले, तर विठोजीराजांनी, म्हणजे चुलत्याने, पुतण्यांचा सांभाळ केला या हकिकतीला वेगळे वजन येते. १६२४ च्या भातवडीच्या लढाईत शहाजीराजांचे बंधू शरीफजी कामास आले. त्या वेळी भोसले घराण्याचा कर्ता पुरुष कोण होता, हा प्रश्नही याच सनाशी बांधलेला आहे.

तारखेचा हा घोळ मालोजीराजांपुरताच नाही. शिवजयंतीचा वाद सर्वपरिचित आहे. वैशाख शुद्ध द्वितीया शके १५४९ ही पूर्वी मान्य असलेली तिथी होती. १९१६ मध्ये जेधे शकावली प्रसिद्ध झाल्यावर फाल्गुन वद्य तृतीया शके १५५१ या तिथीस बळ मिळाले, आणि महाराष्ट्र शासनाने २००१ पासून १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख स्वीकारली. येथे आणखी एक बारकावा सहसा नजरेतून सुटतो. १९ फेब्रुवारी ही जुन्या, म्हणजे ज्युलियन, कालगणनेतील तारीख आहे. आज आपण जी ग्रेगोरियन दिनदर्शिका भिंतीवर लावतो तिच्याप्रमाणे तो दिवस १ मार्च १६३० येतो. तिथीने जयंती साजरी करणाऱ्यांना हा प्रश्न पडतच नाही. शिवजयंती वर्षातून दोनदा साजरी होते याबद्दल कोणी थट्टा करतात, परंतु त्यामागे कालगणनेचा खराखुरा प्रश्न आहे.

इंदापूरकरांनी मालोजीराजांचे स्मरण गढीशी जोडून ठेवले. तारखेविना ते चारशे वर्षे टिकले. याचे कारण उघड आहे. ज्या घराण्यात पुढे शिवछत्रपती जन्मले त्या घराण्याचा पुरुष या मातीत पडला, ही गोष्ट गावाला मोठेपणा देणारी आहे. ज्या स्मरणाला असा वारस असतो, त्याला दिनदर्शिकेची फारशी गरज लागत नाही.

८ ऑक्टोबर १८०२ : बारामतीची लढाई

आता याच्या नेमके उलट उदाहरण पाहू. ८ ऑक्टोबर १८०२ रोजी बारामती येथे यशवंतराव होळकरांचे सरदार फत्तेसिंग माने यांनी दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या सैन्याचा पराभव केला. सन, महिना, दिवस, स्थळ, विजेता आणि पराभूत पक्ष या सर्व गोष्टी येथे ठाऊक आहेत. या घटनेची द्विशताब्दी २००२ मध्ये येऊन गेली. तरीही ‘बारामतीची लढाई’ म्हटल्यावर आज ऐकणाऱ्याच्या मनात बहुधा एखादी निवडणूक येते.

या लढाईची पार्श्वभूमी थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. यशवंतरावांचे बंधू विठोजी होळकर यांना पेशव्यांच्या सैन्याने पकडले आणि एप्रिल १८०१ मध्ये पुण्यात हत्तीच्या पायी देऊन मारले. त्याच वर्षी माळव्यात शिंदे-होळकरांचा संघर्ष पेटला. जुलैमध्ये यशवंतरावांनी उज्जैनीस शिंद्यांचा पराभव केला, तर ऑक्टोबरमध्ये इंदूरजवळ ते स्वतः पराभूत झाले आणि इंदूर लुटले गेले. १८०२ मध्ये यशवंतरावांनी दक्षिणेकडे मोर्चा वळवला. खानदेश, नगर, पंढरपूर असा मुलूख तुडवीत त्यांच्या फौजा भीमा आणि नीरा यांच्या खोऱ्यात उतरल्या. या मार्गावर बारामती येणे अपरिहार्य होते. पूर्वेकडून पुण्यावर जाणाऱ्याला हे कऱ्हाकाठचे संपन्न ठाणे ओलांडावे लागते.

बारामती हे पेशव्यांच्या दृष्टीने परके गाव नव्हते. येथील नाईक जोशी घराणे सावकारीमुळे आणि सोयरिकीमुळे पेशव्यांशी बांधलेले होते. पहिल्या बाजीरावांची बहीण भिऊबाई या घराण्यातील आबाजी नाईकांस दिली होती. आबाजींचे बंधू बाबूजी नाईक यांनी १७४० मध्ये, बाजीरावांच्या मृत्यूनंतर, पेशवेपदासाठी खटपट केली होती आणि त्यांना नागपूरकर रघूजी भोसल्यांचा पाठिंबा होता, हेही प्रसिद्ध आहे. म्हणजे सोयरीक आणि वैर या दोन्ही नात्यांनी पुण्याशी जोडलेल्या या गावाच्या शिवारात पेशव्यांची फौज मोडली. दसरा उलटून एक-दोनच दिवस झाले होते. सीमोल्लंघनाचा हंगाम होता.

त्यानंतर सतरा दिवसांनी, २५ ऑक्टोबर रोजी, अश्विन वद्य चतुर्दशीस, ऐन दिवाळीत हडपसरची लढाई झाली. तीत शिंदे आणि पेशवे यांच्या संयुक्त सैन्याचा यशवंतरावांनी निर्णायक पराभव केला. त्याच दिवशी बाजीरावांनी पुणे सोडून सिंहगड गाठला, तेथून ते कोकणात उतरले आणि ३१ डिसेंबर १८०२ रोजी वसई येथे त्यांनी इंग्रजांशी तह केला. या तहाने पेशव्यांनी कंपनीची तैनाती फौज स्वीकारली. मे १८०३ मध्ये बाजीराव इंग्रजांच्या संरक्षणाखाली पुण्यास परतले, आणि सप्टेंबरमध्ये असईच्या रणांगणावर शिंदे-भोसल्यांची फौज पराभूत झाली. पाठ्यपुस्तकांत हडपसर, वसई आणि असई या तीन पायऱ्या सांगितल्या जातात. पहिली पायरी बारामतीची होती, हे मात्र सांगायचे राहून जाते.

असे का व्हावे? आमच्या मते याचे मुख्य कारण म्हणजे या लढाईला वारस नाही. दोन्ही बाजूंना मराठी फौजा होत्या. पेशव्यांचा अभिमान बाळगणाऱ्यांना पराभवाचे स्मरण नको असते. होळकर घराण्याविषयी या दोन तालुक्यांत मोठा आदर आहे; ३१ मे १७२५ रोजी जन्मलेल्या अहिल्यादेवींची त्रिशताब्दी २०२५ मध्ये झाली. यशवंतरावांचे स्मरणही केले जाते, पण ते इंग्रजांशी लढणारा वीर म्हणून; १८०४ ची मोहीम त्यासाठी अधिक सोयीची आहे. पुणे लुटले जाण्याची आणि स्वकीयांतील रक्तपाताची कटू आठवण त्या चित्रात बसत नाही. शिवाय या स्वारीची किंमत ज्यांनी मोजली त्या कुणब्यांची बाजू मांडणारे कोणी नव्हते. उभ्या पिकांची नासाडी, वैरणीची लूट आणि पाठोपाठ आलेला १८०३-०४ चा दुष्काळ यांनी भीमा-नीरेच्या दुआबातील अनेक गावे ओस पडली. त्यांच्या दृष्टीने फौज होळकरांची की पेशव्यांची, याला फारसा अर्थ नव्हता.

याच जिल्ह्यातील कोरेगाव भीमाशी तुलना केली म्हणजे मुद्दा स्पष्ट होतो. १ जानेवारी १८१८ च्या लढाईचा स्तंभ कंपनी सरकारने आपल्या सैनिकांच्या स्मरणार्थ उभारला. केवळ एवढेच असते, तर इंग्रजांनी उभारलेल्या इतर स्मारकांप्रमाणे तोही एकाकी उभा राहिला असता. १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तेथे भेट दिली आणि महार सैनिकांच्या शौर्याचा अर्थ त्या दगडाला दिला. तेव्हापासून ती तारीख जिवंत झाली. बारामतीला असा स्तंभही नाही आणि असा अर्थ देणाराही अद्याप भेटलेला नाही.

१२ मे १८७५ : सुप्याचा बाजार

दुसरी विस्मृत तारीख अधिक महत्त्वाची आहे, आणि तिचे विस्मरण अधिक खटकणारे आहे. सुपे हे आज बारामती तालुक्यातील मोठे गाव आहे. शहाजीराजांच्या जहागिरीतील पुणे-सुपे परगण्यातील हेच ते सुपे. १२ मे १८७५ रोजी, बुधवारी, या बाजारपेठेच्या गावी आसपासच्या खेड्यांतील शेतकरी जमले आणि त्यांनी सावकारांकडे खातेवह्या व कर्जरोखे यांची मागणी केली. वह्या जाळण्यात आल्या, धान्याची दुकाने लुटली गेली, काही सावकारांच्या घरांना आगी लावल्या गेल्या. पुढील काही आठवड्यांत हा वणवा पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरला. इतिहासात हे ‘दख्खनचे दंगे’ म्हणून ओळखले जातात. ‘दंगे’ हा शब्द सरकारी आहे; उठाव करणाऱ्यांचा रोख प्रामुख्याने कागदावर होता, माणसांच्या जिवावर नव्हता, हे सरकारी चौकशीतूनही दिसून येते.

या उठावाची मुळे दोन ठिकाणी सापडतात, आणि त्यांपैकी एक अमेरिकेत आहे. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले आणि तेथून लँकेशायरच्या गिरण्यांना होणारा कापसाचा पुरवठा थांबला. मुंबईच्या व्यापाऱ्यांनी दख्खनच्या कापसावर पैसा ओतला. सावकार शेतकऱ्याच्या दारी येऊन कर्ज देऊ लागले. १८६५ मध्ये युद्ध संपले, अमेरिकेचा कापूस पुन्हा बाजारात आला, भाव कोसळले आणि सावकारांनी हात आखडता घेतला. फोर्ट समटरवर तोफ डागली जाण्याची तारीख, १२ एप्रिल १८६१, जगभरच्या दिनविशेषात असते. त्या तोफेचा धूर चौदा वर्षांनी सुप्याच्या बाजारातून निघाला, हे सांगितले म्हणजे विद्यार्थ्याला जागतिक इतिहास परका वाटत नाही, असा प्रस्तुत लेखकाचा वर्गातील अनुभव आहे.

दुसरे मूळ इंदापुरात आहे. मुंबई इलाख्यात रयतवारी पद्धतीची जमीनमोजणी आणि आकारणी ज्या स्वरूपात पुढे सर्वत्र लागू झाली, तिचा प्रारंभ गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी १८३६ च्या सुमारास इंदापूर तालुक्यात केला. त्यापूर्वीची प्रिंगल यांची आकारणी अति जड ठरून फसली होती. शेतकरी जमीन टाकून जात होते. नव्या आकारणीने दर कमी केले आणि ते तीस वर्षांसाठी कायम केले. ही तीस वर्षे प्रथम संपली तीही साहजिकच इंदापुरात. १८६७ च्या सुमारास, कापसाच्या तेजीने फुगलेल्या भावांच्या आधारावर, सारा पुन्हा ठरवण्यात आला आणि त्यात मोठी वाढ झाली. पाठोपाठ तेजी ओसरली. वाढलेला सारा रोखीने भरायचा, पिकाला भाव नाही आणि सावकार नवे कर्ज देत नाही, अशा तिहेरी कोंडीत शेतकरी सापडला. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने कर्जरोख्याचे आयुष्य तीन वर्षांवर आणले होते. हेतू ऋणकोच्या संरक्षणाचा होता. व्यवहारात सावकाराने दर तीन वर्षांनी व्याज मुद्दलात मिळवून नवा रोखा करून घेण्याचा प्रघात पाडला. निरक्षर शेतकरी अंगठा उठवीत गेला. सुप्यात जाळलेल्या कागदांत असे रोखे होते.

सरकारने चौकशी आयोग नेमला. त्याचा अहवाल १८७८ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि १८७९ मध्ये दख्खनचा शेतकरी साहाय्य कायदा झाला. कर्जवसुलीसाठी शेतकऱ्याला तुरुंगात टाकण्यावर त्या कायद्याने बंधन आणले आणि कर्जाच्या मुळाशी जाऊन हिशेब तपासण्याचा अधिकार न्यायालयाला दिला. अहवालाने दोष प्रामुख्याने सावकारांवर ठेवला, साऱ्याच्या वाढीवर नव्हे. सरकारने नेमलेल्या आयोगाकडून वेगळी अपेक्षा करणेही कठीण होते. तरीही भारतातील ग्रामीण कर्जाविषयीच्या कायद्यांचा इतिहास लिहायचा झाल्यास तो सुप्यापासून सुरू करावा लागतो.

१२ मे २०२५ रोजी या घटनेस दीडशे वर्षे पूर्ण झाली. ज्या परिसरात सहकारी सोसायट्या, साखर कारखाने आणि पीककर्ज हे रोजच्या बोलण्याचे विषय आहेत, तेथे ही तारीख प्रत्येक शाळेच्या फळ्यावर असायला हरकत नव्हती. ती सहसा नसते. ‘दंगा’ या शब्दाने आपण आजही संकोचतो काय, असा प्रश्न पडतो. मे महिन्याची सुटी हे कारण आहेच. परंतु सुटीत येणाऱ्या महाराष्ट्र दिनासाठी आपण शाळेत जातोच.

चैत्री पौर्णिमा : मोरोपंत आणि कीर्तनाची लोकप्रियता

बारामतीचे नाव साहित्यात अजरामर केले ते मोरोपंत पराडकरांनी. १७२९ मध्ये पन्हाळ्यास जन्मलेले हे कवी बाबूजी नाईकांच्या आश्रयाने बारामतीस आले, पुराणिक म्हणून राहिले आणि शके १७१६ च्या चैत्र शुद्ध पौर्णिमेस, १५ एप्रिल १७९४ रोजी, येथेच निवर्तले. म्हणजे फत्तेसिंग मान्यांची फौज गावावर आली तेव्हा मोरोपंतांना जाऊन आठच वर्षे झाली होती.

मोरोपंतांना ‘लोकप्रिय’ म्हणावे काय? पंडित कवी, संस्कृतप्रचुर रचना, श्लेष आणि यमके यांचा सोस, अशी त्यांची प्रतिमा आहे. ओठांचा स्पर्श होणारे एकही अक्षर नसलेले ‘निरोष्ठ रामायण’, राममंत्राची अक्षरे गुंफलेले ‘मंत्ररामायण’ असे शब्दांचे खेळ त्यांनी केले, हे खरे आहे. परंतु सबंध महाभारत आर्यांत उतरवणारा हा कवी एकोणिसाव्या शतकभर महाराष्ट्राच्या देवळांतून ऐकला जात होता, कारण कीर्तनकारांनी त्याला उचलले होते. आर्या लहान, नादमय, पाठ होण्यास सोपी आणि टाळाच्या ठेक्यात म्हणता येणारी. आख्यान रंगात आले की कथेकरी बुवा ती खड्या आवाजात टाकत आणि श्रोते माना डोलावत. चित्रपट आणि नभोवाणी येण्यापूर्वी कीर्तन हेच गावाचे करमणुकीचे आणि शिक्षणाचे साधन होते. मोरोपंतांनी ‘सीतागीत’, ‘सावित्रीगीत’ यांसारख्या रचना खास स्त्रियांच्या गळ्यासाठी केल्या, हेही विसरता येत नाही. पुढे १८५४ च्या ‘नवनीता’मुळे ते शाळेत गेले, विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी ‘निबंधमाले’त त्यांच्या कवितेचा पक्ष घेतला आणि १९०८ मध्ये ल. रा. पांगारकरांनी त्यांचे चरित्र लिहिले. पाठ्यपुस्तकात गेल्यावर मात्र ते परीक्षेचा विषय झाले आणि लोकप्रियता ओसरली, असे आमचे निरीक्षण आहे.

मोरोपंतांचा मृत्युदिन तिथीने पाळला तर तो हनुमान जयंतीस येतो. २०२४ मध्ये २३ एप्रिलला आला, २०२५ मध्ये १२ एप्रिलला. तारखेने पाळला तर आदल्या दिवशीची १४ एप्रिल, डॉ. आंबेडकर जयंती, नुकतीच झालेली असते. दोन्ही पद्धतींत या कवीला मोठ्या उत्सवाच्या सावलीतच जागा मिळते. २०२९ मध्ये त्यांच्या जन्मास तीनशे वर्षे पूर्ण होतील. पंतांच्या वास्तव्याच्या खुणा कऱ्हाकाठी असल्या, तरी आर्या गळ्यावर असलेले कीर्तनकार आता मोजकेच उरले आहेत. त्यांचे ध्वनिमुद्रण त्यापूर्वी होणे निकडीचे आहे; त्यासाठी २०२९ ची वाट पाहण्यात शहाणपण नाही.

आखाडा, मैदान आणि रिंगण

चैत्री पौर्णिमा हा या परिसरात जत्रांचाही काळ. रब्बीची सुगी आटोपलेली असते, हातात थोडा पैसा असतो आणि गावोगाव कुस्त्यांचा फड भरतो. सकाळी लहान मुलांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्यांपासून सुरुवात होते आणि दिवेलागणीला मानाची कुस्ती सुटते. गावच्या फडातील निकाल कोठे लिहिले जात नाहीत. अमुक पैलवानाने तमुक साली चितपट कुस्ती मारली, हे म्हातारी माणसे सांगतात, पण साल ‘दुष्काळाच्या आधीच्या वर्षी’ असे असते. त्यामुळे कुस्तीसारख्या प्रमुख खेळाचा स्थानिक इतिहास लिहिताना अभ्यासकाजवळ तारखाच नसतात. १९६१ पासून सुरू झालेल्या महाराष्ट्र केसरी स्पर्धेने राज्य पातळीवर तरी विजेत्यांची वर्षवार नोंद उपलब्ध करून दिली.

मराठी कुस्तीला जगाच्या दिनदर्शिकेत नेले ते कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ते सहावे आले आणि २३ जुलै १९५२ रोजी हेलसिंकी येथे बँटमवेट गटात त्यांनी कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. या प्रवासासाठी लोकवर्गणी गोळा करावी लागली आणि कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. त्यांच्या पराक्रमाची तारीखही दुर्दैवी म्हणावी लागेल. २३ जुलै ही लोकमान्य टिळकांची आणि चंद्रशेखर आझादांची जयंती. फळ्यावर खाशाबांसाठी ओळ उरत नाही. १९८४ मध्ये त्यांचे निधन झाले आणि अर्जुन पुरस्कार मरणोत्तर मिळाला. महाराष्ट्र शासनाने १५ जानेवारी हा त्यांचा जन्मदिन राज्य क्रीडा दिन ठरवला व २०२४ पासून तो पाळला जाऊ लागला. १५ जानेवारी २०२६ ही त्यांच्या जन्मशताब्दीची तारीख. शासनाने निवडलेल्या दिवसामुळे एक विस्मृत नाव परत आले, याचे हे चांगले उदाहरण आहे. मात्र जन्मदिन निवडल्याने २३ जुलैच्या लढतीचा दिवस पुन्हा मागेच राहिला.

क्रिकेटचे तसे नाही. फेब्रुवारी २०२० मध्ये बारामतीच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर क्रीडा संकुलात महाराष्ट्र आणि उत्तराखंड यांच्यात रणजी करंडकाचा सामना झाला, तेव्हा त्यातील प्रत्येक धाव आणि प्रत्येक बळी त्याच दिवशी कायमचा नोंदला गेला. शंभर वर्षांनी बारामतीच्या क्रीडा इतिहासाचा अभ्यास करणाऱ्याला या चार दिवसांविषयी जेवढे कळेल, तेवढे गावच्या फडातील शंभर वर्षांच्या कुस्त्यांविषयी कळणार नाही.

नोंदीवाचूनही काटेकोरपणे पाळली जाणारी एक परंपरा मात्र येथे आहे. १६८५ मध्ये नारायण महाराजांनी सुरू केलेला तुकोबांचा पालखी सोहळा आषाढीपूर्वी या दोन तालुक्यांतून जातो. बारामती, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर, सराटी हे मुक्काम ठरलेले आहेत. काटेवाडीत परीट समाजाकडून पालखीसाठी धोतरांच्या पायघड्या घातल्या जातात आणि मेंढ्यांचे रिंगण होते. बेलवाडीत आणि पुढे इंदापुरात अश्वांचे गोल रिंगण होते. रिंगणाला क्रीडा म्हणावे की उपासना, हा प्रश्न पाहणाऱ्याला पडत नाही. पताकाधारी, तुळशी घेतलेल्या स्त्रिया, विणेकरी आपापली फेरी धावतात, मग अश्व सुटतो आणि त्याच्या टापांखालची माती कपाळी लावायला गर्दी उसळते. इंग्रजी तारीख दरवर्षी बदलते. २०२५ चा सोहळा तीनशे चाळिसावा म्हणून मोजला गेला. बेलवाडीचे मैदान कोणत्या दिवशी मोकळे ठेवायचे, हे तेथील शेतकऱ्याला मुक्कामांच्या हिशेबावरून कळते.